रबराची टाळू

३० जून १८९३, शुक्रवारची रात्र. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीच्या पात्रात ‘ओनायडा’ नावाची एक खासगी बोट नांगर टाकून उभी आहे आणि तुम्ही तिच्या डेकवर आहात. इथे कोणाला तुम्ही दिसत नाही, तुमचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. तुम्हाला मात्र सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि वासही येतो. आत्ता येतोय तो चिरुटाचा. समोरच्या खुर्चीत एक धिप्पाड गृहस्थ बसलेत. मान आखूड, मिशा भरघोस, वय छप्पन्न. नोकऱ्या मागायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केलाय, असं ते शेजारच्यांना सांगताहेत. हे ग्रोव्हर क्लीव्हलँड, अमेरिकेचे अध्यक्ष. ऐकणारे बहुतेक सगळे डॉक्टर आहेत. उद्या दुपारी ते या माणसाचा डावीकडचा वरचा जबडा काढणार आहेत.

तुम्ही जरा स्वतःची जीभ टाळूवरून फिरवून पाहा. पुढचा भाग कडक लागतो, मागे गेलात की मऊ. त्या कडक भागाच्या कडेला वरच्या दाढा, आणि दाढांच्या मुळांच्या वर, गालाच्या आड, हाडात एक पोकळी आहे. उजवीकडे एक, डावीकडे एक. मोठ्या माणसात तिच्यात साधारण पंधरा मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे पाणी मावेल. सर्दी साचली, गाल ठणकायला लागला, खाली वाकलं की डोकं जड झालं, म्हणजे आपण ‘सायनसचा त्रास’ म्हणतो, तो बहुतेक वेळा या पोकळीतला असतो. क्लीव्हलँडना मात्र सर्दी नाही. टाळूवर डावीकडे त्यांच्या जिभेला काहीतरी खरखरीत लागायला लागलं होतं. १८ जूनला डॉक्टर रॉबर्ट ओ'रायलींनी तोंड उघडून पाहिलं, तर नाण्याएवढा खडबडीत चट्टा. त्याचा तुकडा नाव न सांगता तपासायला पाठवला आणि उत्तर आलं ते कर्करोगाच्या बाजूचं.

मग हे सगळं बोटीवर, अंधारात, चोरून का? त्याचं कारण निम्मं मुंबईत आहे. चारच दिवसांपूर्वी, २६ जूनला, हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. तोवर कोणीही सराफ आपली चांदी फोर्टातल्या टांकसाळीत नेऊन द्यायचा आणि तिचे रुपये पाडून घ्यायचा. तो रस्ता बंद झाला आणि चांदीचा भाव जगभर कोसळला. अमेरिकेत आधीच बँका बुडत होत्या. सरकारला दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घ्यायला लावणारा १८९० चा कायदा तिथे होता आणि तो रद्द झालाच पाहिजे, असं क्लीव्हलँडचं म्हणणं. त्यासाठी आजच त्यांनी ७ ऑगस्टला काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलंय. उपाध्यक्ष ॲडलाय स्टीव्हन्सन चांदीच्या बाजूचे. अध्यक्षाला कर्करोग आहे ही बातमी फुटली, तर बाजार आणि कायदा रद्द करायची संधी, दोन्ही हातचे जातील, ही भीती आहे. म्हणून मित्राची बोट, म्हणून समुद्रावरची चार दिवसांची ‘सुट्टी’.

मध्यरात्रीच्या सुमारास चिरूट विझतो. अध्यक्ष झोपायला जातात आणि औषधाशिवाय झोपतात.

सकाळी बोट निघते. डावीकडे बेलव्ह्यू रुग्णालय दिसायला लागतं तसे सगळे डॉक्टर पटापट खाली केबिनमध्ये जातात. किनाऱ्यावर त्यांना ओळखणारे कितीतरी जण आहेत. खलाशांना सांगितलंय, साहेबांचे दोन किडके दात काढायचेत आणि त्यासाठी स्वच्छ हवा हवी. मुख्य सर्जन जोसेफ ब्रायंट कप्तानाला म्हणतात, खडकावर आदळलीच बोट तर चांगली जोरात आदळू दे, म्हणजे सगळेच तळाशी जाऊ. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंत तर हा विनोद नाही हे कळतं. अध्यक्ष शस्त्रक्रियेतच गेले, तर उरलेल्यांना जगाला तोंड दाखवायची सोय नाही.

खाली दिवाणखान्यात या. सामान सगळं हलवलंय, जमिनीला पक्का बसवलेला ऑर्गन तेवढा राहिलाय. डोलकाठी वरून खाली याच खोलीतून गेली आहे आणि तिला एक खुर्ची करकचून बांधली आहे. हीच शस्त्रक्रियेची जागा. उजेडासाठी बॅटरीवर चालणारा एकच विजेचा दिवा. उपकरणं उकळून ठेवली आहेत. रबरी हातमोजे घालायची पद्धत अजून रुळलेली नाही. तोंडात सतत रक्त आणि लाळ साचणार, ती पुसायला कापसाचे आणि कापडाचे बोळे रचून ठेवलेत. इथरचा गोडसर, घशाला लागणारा वास येतोय.

साडेबाराला सुरुवात होते. आधी दातांचे डॉक्टर फर्डिनंड हॅसब्रुक नायट्रस ऑक्साइड देतात. आखूड मानेच्या, स्थूल माणसाला इथर कितपत सोसेल याची सगळ्यांनाच काळजी आहे, म्हणून जमेल तेवढं काम या हलक्या वायूवर उरकायचं. हॅसब्रुक डावीकडच्या वरच्या दोन उपदाढा उपटतात. ब्रायंट टाळूवर पहिला छेद घेतात. मग इथर. एडवर्ड जेनवे नाडीवर बोट ठेवून बसलेत. आणि फिलाडेल्फियाहून आलेले विल्यम कीन एक वेगळंच उपकरण पुढे करतात. गाल बाहेरच्या बाजूला ओढून धरणारा एक वाकडा धातूचा आकडा, त्यांनी तो १८६६ मध्ये पॅरिसमध्ये घेतला होता. सत्तावीस वर्षांनी त्याचं मोल कळतंय. जबडा काढायची त्या काळची सरळ रीत म्हणजे गालावर, नाकाच्या कडेने, ओठ चिरत खाली सुरी आणायची. तसं केलं तर ७ ऑगस्टला सगळ्या देशाला वण दिसेल. त्या आकड्यामुळे सगळं काम तोंडाच्या आतून होणार आहे.

पुढे व्हा, पाहा. उपदाढांच्या जागेपासून शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंतचं हाड सुटत चाललंय. दिवा धरणाऱ्याचा हात स्थिर आहे, बोट संथ चालली आहे. ब्रायंट हाडाचा तुकडा बाजूला घेतात आणि गालाआडची ती पोकळी उघडी पडते. तिच्यात हवा असायला हवी. आत चिकट, जेलीसारखा लगदा भरलाय. टाळूवर दिसत होता तो चट्टा म्हणजे वरवरचा भाग. रोग टाळूचं हाड फोडून पोकळीत शिरला होता आणि बाहेरून गालावर त्याची खूण नव्हती. ही पोकळी दगा देते ती अशी: तिच्यात भरपूर रिकामी जागा आहे, म्हणून आत वाढणारी गाठ कोणाला न खुपता महिनोन् महिने वाढू शकते. एखादा वरचा दात उगीच हलायला लागतो, एकाच नाकपुडीतून रक्ताळलेलं पाणी येत राहतं, गाल बधिर वाटतो, आणि माणूस ते अंगावर काढतो. वरची दाढ कारण नसताना हलत असेल, तर ती उपटायच्या आधी वरच्या पोकळीचा फोटो काढलाच पाहिजे, असं मला वाटतं.

ब्रायंट थोडं थांबतात. आता बोट फिरवून ते पोकळीचं छत तपासताहेत. हे छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन. काही ठिकाणी ते हाड जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्यातूनच गालाला, वरच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. ते छत शाबूत आहे. ते ठेवायचं, असं ठरतं.

हा निर्णय किती मोठा होता ते कळायला तुम्हाला क्षणभर आपल्याच काळात यावं लागेल, एखाद्या महामार्गावरच्या अपघात विभागात. हेल्मेट न घातलेला बाविशीचा मुलगा, गालावर मार. हाड बाहेरून फारसं तुटलेलं दिसत नाही. पण बुक्की किंवा दगड डोळ्यावर बसला की तो दाब मागे जातो आणि सगळ्यात कच्ची जागा फुटते, म्हणजे हेच छत. डोळ्याभोवतीची चरबी, कधी डोळा हलवणारा स्नायू, खालच्या पोकळीत उतरतो आणि अडकतो. मुलाला वर पाहता येत नाही, एकाचे दोन दिसतात, वरचा ओठ बधिर झालाय. सूज उतरल्यावर डोळा आत गेलेला दिसायला लागतो. आज तिथे टायटॅनियमची जाळी बसवता येते. १८९३ मध्ये बोटीवर तसलं काही नव्हतं. छत गेलं असतं, तर डोळ्याला आधार राहिला नसता.

आता आणखी मागे चला, कारण या पोकळीची पहिली रुग्ण म्हणून जिची आठवण ठेवावी अशी एक बाई इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात शेरबोर्न नावाच्या गावात आहे. काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा. डॉक्टर नॅथॅनिअल हायमोर यांच्या खोलीत ती बसली आहे आणि घाबरलेली आहे. वरचा सुळा काढला, पण खड्डा भरलाच नाही. त्यातून सारखा पू आणि पाणी झिरपतं. किती खोल आहे बघावं म्हणून तिने चांदीची सळई घातली. ती आत, वर, जातच राहिली. मग पिसाचा दांडा घेतला, त्याचे तंतू सोलून काढले आणि तो सरकवला. तोही गेला, जवळजवळ सगळाच. तिची खात्री झाली की आपण मेंदूत पोचलो.

हायमोर तिला कवटीचं हाड दाखवतात. ही पोकळी, ही तुझ्या दाताची जागा, मध्ये एवढाच पापुद्रा. पीस मेंदूत गेलं नाही, बाई, ते या पोकळीत गोल गोल फिरत राहिलं. १६५१ मध्ये त्यांचं शरीररचनेचं पुस्तक हेगमध्ये छापलं गेलं, त्यात ही हकिकत आहे. त्या पोकळीला मग हायमोरचं नाव पडलं. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, १४८९ मध्ये, लिओनार्दो दा विंचीने कवटी अर्धी कापून ही पोकळी काढून ठेवली होती, पण ती चित्रं वह्यांत राहिली आणि कोणा दुखणाईताला त्यांचा उपयोग झाला नाही. मला हायमोर मोठा वाटतो तो त्या बाईमुळे. त्याने तिला आधी समजावून सांगितलं की तुझ्या शरीरात काय आहे.

त्या खोलीतल्या घटनेने पुढच्या दोनशे वर्षांची वाटही दाखवून दिली. दात काढल्यावर पोकळीत जाता येतं, तर पू काढायला तोच रस्ता घ्यावा. लंडनचा सर्जन विल्यम काउपर असंच करायचा, दाढ काढून तिच्या खड्ड्यातून आरपार भोक. त्याची रीत १७०७ मध्ये छापून आली. पू निघायचा, माणसाला बरं वाटायचं, आणि मग कित्येकांना ते भोक जन्मभर बाळगावं लागायचं. प्यायलेलं पाणी नाकातून, शिंकरलं की हवा तोंडात. आजही वरची दाढ काढल्यावर पाण्याची चूळ भरताना पाणी नाकात आलं, तर समजा की तोच पापुद्रा फाटलाय. लगेच दाखवलं तर लहान भोक टाके घालून बुजवता येतं. महिनोन् महिने तसंच ठेवलं तर त्याला आतून कातडी येते, मग ते आपणहून बुजत नाही.

परत ओनायडावर या. दोनला पाच मिनिटं कमी आहेत. काम संपलंय. गरम पाणी, दाबून धरलेले बोळे आणि एका जागी विजेने तापवलेली तार, यांनी रक्त थांबवलंय. पोकळीत औषधी जाळीदार कापड ठासून भरलंय. गालावर एक ओरखडा नाही. अध्यक्षांना उचलून बिछान्यावर नेतात, मॉर्फिनचा एक छोटा डोस देतात. दोन दिवसांत ते उठून बसतील, ५ जुलैला बझर्ड्स बेच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरी चालत जातील. १७ जुलैला डॉक्टर त्यांना पुन्हा बोटीवर नेऊन संशयास्पद दिसणारा थोडा भाग काढून टाकतील.

पण तुम्ही त्या घरात थांबा, कारण खरी गोष्ट आता सुरू होते आणि सांगणारे ती बहुधा गाळतात. कापड काढलं की अध्यक्षांचं बोलणं कोणालाच कळत नाही. जन्मतः टाळू दुभंगलेल्या माणसाचं व्हावं तसं सगळं गेंगाणं. ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना ओठ मिटून तोंडात हवा क्षणभर कोंडावी लागते. टाळूला एवढं भगदाड असेल तर ती हवा कोंडतच नाही, नाकातून निसटते आणि ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’ होतो. पाण्याचा घोट घेतला की नाकातून बाहेर. ज्या माणसाला महिन्याभरात देशाला पटवायचं आहे, त्याला स्वतःच्या बायकोला काही सांगता येत नाही.

इथे न्यूयॉर्कचे दातांचे डॉक्टर कॅसन गिब्सन येतात. ते तोंडातल्या त्या खड्ड्याचा साचा घेतात. कडक केलेल्या रबराचा, बरोबर त्या भगदाडात बसणारा एक तुकडा घडवतात. तो बसवला, आणि अध्यक्ष बोलले. नेहमीच्या आवाजात. ५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका खंडातल्या डॉक्टरांची परिषद भरली, तिचं उद्घाटन क्लीव्हलँडनीच केलं. समोर सभागृहभर डॉक्टर. कोणाला आवाजात खोट जाणवली नाही. चांदीचा कायदा १ नोव्हेंबरला रद्द झाला. शस्त्रक्रियेच्या कथेत ब्रायंट आणि कीन यांची नावं ठळक येतात आणि ती यायलाच हवीत. पण गिब्सनचा रबराचा तुकडा नसता, तर बोटीवरचं ते सगळं कौशल्य एका मुक्या अध्यक्षापाशी येऊन संपलं असतं. रोग काढला म्हणजे माणूस बरा झाला, हे अर्धंच. तो बोलायला, जेवायला लागेपर्यंत उपचार चालूच असतो, आणि तो अर्धा भाग करणाऱ्यांना आपण फार कमी ओळखतो.

दुसरा अन्याय एका पत्रकारावर झाला. २९ ऑगस्टला फिलाडेल्फियाच्या ‘प्रेस’मध्ये ई. जे. एडवर्ड्स यांनी बोटीवरच्या शस्त्रक्रियेची बातमी दिली, हॅसब्रुककडून खात्री करून घेऊन. ती जवळजवळ तंतोतंत खरी होती. अध्यक्षांच्या माणसांनी ती झिडकारली, दोन दात काढले याच्यापलीकडे काही नाही म्हणाले, आणि एडवर्ड्स खोटारडा ठरला. क्लीव्हलँड १९०८ मध्ये वारले. कीननी सगळी हकिकत जाहीर केली १९१७ मध्ये. चोवीस वर्षं एका खऱ्या बातमीदाराने खोटेपणाचा डाग वागवला. देशाचं हित म्हणून हे झाकलं, असं समर्थन करता येईल, पण मला ते पटत नाही.

काढलेली गाठ फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात बरणीत आहे, कीनचा तो गाल धरायचा आकडाही तिथेच आहे. १९८० मध्ये तपासणीचा निष्कर्ष छापून आला: चामखिळीसारखा वाढणारा, सावकाश पसरणारा, शरीरात दूर क्वचितच जाणारा एक प्रकारचा कर्करोग. म्हणजे वेळेवर आणि पुरेसं काढलं, तर माणूस वाचतो असा. क्लीव्हलँड पंधरा वर्षं जगले.

त्याच १८९३ मध्ये, त्याच न्यूयॉर्कमध्ये, जॉर्ज कॉल्डवेल नावाच्या डॉक्टरने पू भरलेल्या पोकळीसाठी नवी शस्त्रक्रिया छापली: वरचा ओठ उचलायचा, सुळ्याच्या वरच्या हाडाला खिडकी करायची, आतलं सडकं अस्तर खरवडायचं आणि नाकात खालच्या अंगाला दुसरं भोक पाडायचं, पू ओघळून जावा म्हणून. पॅरिसमध्ये आंरी ल्यूकनी चार वर्षांनी तेच स्वतंत्रपणे मांडलं. दोघांच्या नावाने ती पाऊण शतक जगभर होत राहिली, आपल्याकडेही. तुमच्या ओळखीत कोणी वयस्क मंडळी असतील ज्यांचं ‘सायनसचं ऑपरेशन’ ओठाच्या आतून झालं, दोन-चार दिवस गाल फुगला, पुढे वर्षभर दात बधिर राहिले, ती बहुधा हीच. गंमत बघा, भोक तळाशी पाडायचं हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. कारण या पोकळीचं स्वतःचं दार फार विचित्र जागी आहे. माठाला तोटी तळाशी न लावता गळ्याशी लावावी, तसं ते वर, छताजवळ आहे. मग पाणी निघणार कसं?

याचं उत्तर पाहायला ऑस्ट्रियात ग्राझला चला, विसाव्या शतकाच्या मध्यात. वाल्टर मेसरक्लिंगर नुकत्याच मृत झालेल्या देहांच्या पोकळ्या उघडून आत पाहताहेत. या पोकळीच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस आहेत, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलणारे, आणि मृत्यूनंतरही काही तास ते हलत राहतात. मेसरक्लिंगर अस्तरावर खुणेचा कण टाकतात आणि वाट बघतात. कण तळातून निघतो, भिंत चढतो, वळणावळणाने वर जातो आणि त्या गळ्याशी असलेल्या दारातूनच नाकात उतरतो. तळाशी पाडलेलं भोक वाटेत आलं, तर त्याच्या कडेने वळसा घालून पुढे जातो. अस्तराला स्वतःचाच रस्ता ठाऊक आहे. म्हणजे इतकी वर्षं भोक चुकीच्या जागी पाडलं जात होतं आणि आत खरवडून काढलेलं अस्तर म्हणजे तो रस्ताच उखडून टाकला जात होता. मग दुर्बीण नाकातून नेऊन नेमकं ते वरचं दार मोकळं करायचं, अस्तराला होता होईतो हात लावायचा नाही, ही पद्धत आली. आज नाकातून, बाहेर टाका न घालता होते ती शस्त्रक्रिया त्या कणाच्या चढणीतून निघाली आहे.

आणि आता मे २०२१. मराठवाड्यातलं एक सरकारी रुग्णालय, नवा वॉर्ड, दारावर कागद चिकटवलाय: म्युकर. कोरोनातून सुटून आलेल्या लोकांच्या गालाआडच्या पोकळीत बुरशी वाढते आहे. साखर चढलेली, शरीराची झुंज स्टेरॉइडने मंदावलेली, अशा वेळी एरवी कोणाचं वाकडं न करणारे बीजाणू रक्तवाहिन्यांत शिरतात. वाहिनी बंद पडली की तिच्या पुढचं हाड, मांस मरतं, काळं पडतं. औषध रक्तातूनच जाणार, आणि तिथे रक्तच नाही. म्हणून जे मेलंय ते कापून काढावं लागतं, अगदी ताज्या रक्ताचा थेंब दिसेपर्यंत.

खाटेवर पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. डावा गाल सुजलाय, वरच्या दोन दाढा बोटाने हलतात. टॉर्चच्या उजेडात टाळूवर काळा डाग दिसतो. त्यांची बायको फोन कानाला लावून जिन्यात उभी आहे. ‘एम्फो’ मिळेना. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचा कोटा जिल्ह्याला आला की चिठ्ठी पाठवतात, चिठ्ठी आली की औषध संपलेलं असतं. त्या जूनअखेरपर्यंत देशभरात म्युकरचे ४० हजारांवर रुग्ण नोंदले गेले, सर्वांत जास्त महाराष्ट्र आणि गुजरातेत. बायको परत येते. ‘अहो, उद्या मिळेल म्हणतायत.’ ते मान हलवतात. रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारलाय, जबडा काढल्यावर बोलता येईल का? डॉक्टर म्हणाले, आधी जीव वाचवू. उत्तर खरं होतं आणि त्या रात्री दुसरं देताही आलं नसतं. पण प्रश्न तिथेच राहिला.

काही महिने पुढे सरका. एक डेंटल कॉलेज, कवळ्या बसवायचा विभाग, बाकावर ओळीने मास्क लावलेली माणसं. बहुतेकांच्या तोंडात टाळूला भगदाड आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाला जे एका गुप्त बोटीवर झालं, ते इथे रांगेत बसलंय, चोळी-लुगड्यात, शर्ट-पायजम्यात, आणि बहुतेकांनी आपलं दुखणं घरच्यांच्या नजरेलाही पडू नये म्हणून मास्क अजून उतरवलेला नाही. ते गृहस्थ तुमच्या शेजारी येऊन बसतात. वाचलेत. अंग उतरलंय, चहा बशीतून पितात आणि पिताना नाकाला रुमाल लावतात.

खुर्चीवर घेतल्यावर पदव्युत्तर शिकणारी एक तरुण डॉक्टर त्यांच्या तोंडात गुलाबी ॲक्रिलिकचा तुकडा बसवते. खालच्या अंगाला दात, वरच्या अंगाला भगदाडात शिरणारा उंचवटा. तो उंचवटा आतून पोकळ ठेवलाय, मुद्दाम. एका बाजूचे दात गेलेत, उरलेल्या चार दातांनी तो तोलून धरायचाय, वजन जास्त झालं तर ते चारही हलायला लागतील. साचा घेताना मऊ लगदा भगदाडात फार वर जाऊ नये म्हणून तिने आत दोरा बांधलेली जाळी भरली होती. ती काढताना गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ती थांबली आणि ‘काका, पाच मिनिटं बसू या’ म्हणाली. रबर गेलं, ॲक्रिलिक आलं, बाकी काम गिब्सनचंच.

‘काका, आता म्हणा, बाबा.’

‘मामा.’

ती तुकडा काढते. मागच्या कडेला निळ्या पेन्सिलीने खूण करते, तिथे मेणासारखं मऊ मटेरियल लावते, परत बसवते, गिळायला सांगते, मान उजवीकडे, डावीकडे वळवायला सांगते. मऊ टाळू जशी हलेल तशी ती कड घडत जाते. आरशाचा छोटा तुकडा नाकाखाली धरते, हवा निसटली तर त्याच्यावर वाफ धरेल.

‘परत म्हणा.’

‘बाबा.’

ती लगेच ‘पाणी प्या’ म्हणते. ते घोट घेतात. बायको खुर्चीच्या मागे उभी राहून नाकाकडे बघत असते. पाणी खाली जातं. दुसऱ्या घोटाला डाव्या नाकपुडीतून एक थेंब येतो. डॉक्टर तुकडा उजेडात धरून बघते. आतल्या कोपऱ्यात अजून कमी पडतंय, ते भरून, कडक करून, घासून द्यायला हवं. ‘मंगळवारी या,’ ती म्हणते, ‘तोवर घट्ट काही खाऊ नका, रात्री काढून पाण्यात ठेवा.’ काका विचारतात, मंगळवारी किती वाजता. दोन्ही ओठांचे शब्द नीट उमटतात. ती वहीत साडेदहा लिहिते आणि पुढच्याचं नाव पुकारते.